परत येणारा विद्यार्थी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर रात्रशाळेत शिकवले. दिवसा राबायचे आणि रात्री शिकायचे, असे त्यांचे विद्यार्थी. अशी माणसे आजही आहेत आणि पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. नोकरी, शेती, घरकाम उरकल्यावर ती फोन किंवा लॅपटॉप उघडतात, कानात इयरफोन घालतात आणि शिकायला बसतात. ती ऑनलाइन शिक्षणाकडे का वळली, हे आपल्याला ठाऊक आहे. ते स्वस्त असते, बरेचदा फुकट असते आणि सोयीच्या वेळी शिकता येते. आज मला त्याच्या पुढच्या प्रश्नावर बोलायचे आहे. पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरल्यावर माणूस पुन्हा लॉगिन का करतो? बहुसंख्य लोक करत नाहीत. मग जे करतात त्यांना कशाने धरून ठेवलेले असते?

आधी बहुसंख्यांविषयी. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली, शेवटपर्यंत पोचले साधारण २३ हजार. पुढच्याच वर्षी कोर्सेरा सुरू झाले, हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून एडएक्स काढले, आणि आता विद्यापीठांच्या भिंती पडणार अशी भाषा सुरू झाली. हार्वर्ड आणि एमआयटीच्या पहिल्या १७ अभ्यासक्रमांचा हिशेब २०१४ च्या आरंभी जाहीर झाला. एकूण ८,४१,६८७ नोंदण्या होत्या आणि प्रमाणपत्रे होती ४३,१९६. म्हणजे शंभरातली पाच. पस्तीस टक्क्यांच्या आसपास नोंदण्या अशा होत्या की नाव घातल्यानंतर कोर्सचे दार एकदाही उघडले गेले नाही.

हा पाच टक्क्यांचा आकडा पुढे ऑनलाइन शिक्षणाच्या अपयशाचा पुरावा म्हणून जगभर फिरला. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. ३५,९३७ जण असे होते की त्यांनी निम्मा किंवा त्याहून अधिक अभ्यासक्रम चाळला, पण प्रमाणपत्र घेतले नाही. प्रमाणपत्र घेणाऱ्यांच्या तुलनेत ही संख्या फार कमी नाही. यातले काही थकून थांबले असतील. काहींना हवे ते मिळाले असेल. ग्रंथालयातून पुस्तक नेऊन हवी ती तीन प्रकरणे वाचून परत करणाऱ्या वाचकाला आपण नापास ठरवत नाही. २०१३ मध्ये रेने किझिलचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विद्यार्थ्यांच्या वागण्याचा माग काढला तेव्हा त्यांना चार तऱ्हा दिसल्या. कोर्स पुरा करणारे, चाचण्या न देता ऐकत राहणारे, सुरुवात करून हळूहळू गळणारे आणि थोडे चाखून निघून जाणारे. यातल्या दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांविषयी मला विशेष आस्था आहे. त्यांना परीक्षा नको, गुण नकोत, तरी ती दर आठवड्याला येतात. आपल्या सगळ्या मोजमापांत ती माणसे गळालेल्यांच्या रकान्यात जातात.

म्हणून ‘किती जणांनी पूर्ण केले’ यापेक्षा ‘किती जण परत आले’ हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. त्याचे उत्तर मात्र दिलासा देणारे नाही. जस्टिन राइश आणि होझे रुइपेरेझ-वालिएंते यांनी हार्वर्ड-एमआयटीच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की बहुसंख्य विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर पुन्हा कुठल्याही कोर्सकडे फिरकत नाहीत. २०१७-१८ या वर्षी सर्व नोंदण्यांत पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. ज्यांनी पैसे भरून पडताळणीचे प्रमाणपत्र मागितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होते. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की फुकट दिले की किंमत राहत नाही, फी लावा म्हणजे माणूस टिकतो. मला हे पटत नाही. पैसे भरणारा माणूस बहुधा आधीच ठरवून आलेला असतो, त्याला त्या कागदाचे पुढे काहीतरी करायचे असते. फी हे त्याच्या निश्चयाचे चिन्ह आहे. ज्याच्याजवळ निश्चय आहे आणि पैसे नाहीत, त्याला फी लावून आपण फक्त बाहेर काढू.

माणसे एखादी यंत्रव्यवस्था का वापरत राहतात याचा अभ्यास करणारी एक ज्ञानशाखाच आहे. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी दोन गोष्टी मोजल्या. वस्तू उपयोगाची वाटते का, आणि वापरायला सोपी वाटते का. त्यांना आढळले की सोपेपणापेक्षा उपयोगाचे वजन कितीतरी जास्त. कामाची असेल तर माणूस अवघड वस्तूही शिकून घेतो. पण हे स्वीकारण्याविषयी झाले. टिकून राहण्याविषयी २००१ मध्ये अनोल भट्टाचार्जी यांनी जो सिद्धान्त मांडला, तो ऑनलाइन शिक्षणावरच्या असंख्य शोधनिबंधांचा पाया आहे. त्याचे मूळ रिचर्ड ऑलिव्हर यांच्या १९८० च्या ग्राहकविषयक लेखनात आहे. मुद्दा असा की माणूस येताना एक अपेक्षा घेऊन येतो. वापरल्यावर ती अपेक्षा खरी ठरली का, हे तो मनाशी ताडून पाहतो. खरी ठरली तर समाधान होते, वस्तू उपयोगाची आहे हा विश्वास बसतो, आणि या दोहोंच्या जोरावर तो पुढे चालू ठेवतो.

यातला ‘ताडून पाहणे’ हा भाग मला मोलाचा वाटतो. सहा महिन्यांत नोकरी, तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी, तुमचे मूल वर्गात पहिले, अशी जाहिरात करणारा विद्यार्थ्याला आत आणतो आणि त्याच क्षणी त्याच्या बाहेर जाण्याची तयारीही करून ठेवतो. अपेक्षा इतकी उंच केलेली असते की तिसऱ्या आठवड्यात ती मोडते. कोर्स चांगला असला तरी मोडते. आणि मुलगा असे म्हणत नाही की जाहिरात खोटी होती. तो म्हणतो, मलाच जमत नाही. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या मनात हे वाक्य आधीपासूनच दबा धरून असते. त्याला बळ देणाऱ्या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो.

तरीही हा सिद्धान्त शिक्षणाला जसाच्या तसा लावता येत नाही. भट्टाचार्जींनी तो तपासला ऑनलाइन बँकिंग करणाऱ्या ग्राहकांवर. पैसे पाठवले, पोचले, समाधान झाले. शिकण्यात समाधान आणि लाभ असे हातात हात घालून चालत नाहीत. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांनी उत्तम वक्त्याचे सफाईदार व्याख्यान ऐकले, काहींनी तोच भाग स्वतः धडपडत, गटात गणिते सोडवत शिकला. धडपडणारी मुले चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. आता विचार करा, समाधानावर सातत्य अवलंबून असेल तर प्लॅटफॉर्म चालवणाऱ्याने काय करावे? सफाईदार व्हिडिओ द्यावेत, कठीण प्रश्न काढून टाकावेत. विद्यार्थी खूश राहील, येत राहील आणि फारसे शिकणार नाही. रोज ॲप उघडले म्हणून दिवसांची साखळी दाखवणारी, ती तुटू नये म्हणून आठवण करून देणारी युक्ती याच रस्त्यावरची आहे. सवय लागते हे खरे. पण सवय ॲपची लागली की विषयाची, हे साखळीचा आकडा सांगत नाही.

मग खरे शिकणे आणि परत येणे, दोन्ही एकत्र कुठे दिसते? आपल्याच देशातली दोन उदाहरणे घेतो.

एनपीटीईएल हे नाव अभियांत्रिकीच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हे काम सुरू केले. बराच काळ ते फक्त व्याख्यानांचे भांडार होते. प्राध्यापक फळ्यासमोर उभे, कॅमेरा स्थिर, सजावट शून्य. २०१४ पासून त्यात प्रमाणपत्राचे कोर्स आले. दर आठवड्याला असाइनमेंट, आणि शेवटी परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायची परीक्षा. बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, तिला २५ गुण आणि परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी दोन्हीकडे वेगळे किमान गुण लागतात. ही आठांची सोय कुणी योजली ते मला ठाऊक नाही, पण ज्याने योजली त्याला विद्यार्थी कळला होता. घरी लग्न निघते, आजारपण येते, कांदा काढणीला येतो. चार आठवडे हुकले तरी माणूस बाद होत नाही, परत येऊ शकतो. बहुतेक ठिकाणी पहिली असाइनमेंट चुकलेला मुलगा शरमेने पुढच्या असाइनमेंटकडे पाहतही नाही.

२०१७ मध्ये ‘स्वयं’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू झाले आणि अशा कोर्सांचे क्रेडिट पदवीत धरण्याची वाट मोकळी झाली. मग नोंदण्या वाढल्या हे उघड आहे. क्रेडिटसाठी आलेला विद्यार्थी परीक्षेपर्यंत येतो. याला मी कमी लेखत नाही. शिकलेले कुठेतरी मोजले जाणार, ही खात्री हादेखील उपयोगच आहे. पण परीक्षा संपल्यावर जो येतो त्याच्याकडे नीट पाहावे. विद्यापीठाच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात द्रवयांत्रिकीतले एकच व्याख्यान पुन्हा पुन्हा ऐकणारा मुलगा. उद्या वर्गात शिकवायचा भाग आज रात्री स्वतः समजून घेणारी नवी प्राध्यापिका. मराठी माध्यमातून दहावी-बारावी करून शहरातल्या कॉलेजात गेलेली मुलगी, जिला वर्गातले इंग्रजी झेपत नाही आणि हात वर करायचा धीर होत नाही. इथे ती व्याख्यान थांबवते, मागे नेते, वेग कमी करते, तेच वाक्य चारदा ऐकते. कुणी हसत नाही, कुणी वैतागत नाही. लोक ऑनलाइन शिक्षण का धरून ठेवतात याची कारणे मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत सोय, दर्जा, समाधान असे रकाने असतात. न लाजता पुन्हा विचारता येणे हा रकाना मला त्यात हवा आहे. आपल्या वर्गांनी कितीतरी मुलांना प्रश्न न विचारण्याची शिस्त लावली आहे. त्या मुलांना हे मागे नेण्याचे बटण म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला सहनशील शिक्षक आहे.

दुसरे उदाहरण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, साधारण दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडदा इंग्रजीच राहतो, कारण उद्या कामावर समोर इंग्रजीच पडदा येणार असतो. समजावणे मात्र आपल्या भाषेत. पडद्याच्या एका बाजूला चित्रफीत, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडे, आणि ऐकलेले लगेच हाताने करून पाहायचे. दहा मिनिटांत काहीतरी जमते. पत्र टाइप होते, रकान्यांची बेरीज येते. अपेक्षा लहान, ती त्याच बैठकीत खरी ठरते, आणि तिचा उपयोग दुसऱ्या दिवशी कामावर होतो. सिद्धान्तात ज्याला उपयुक्तता म्हणतात, ती इथे डोळ्यांनी दिसते.

इथवर मी उपयोगाविषयी बोललो. पण माझे म्हणणे एवढ्यावर संपत नाही. उपयोग कळूनही माणसे गळतात, हे आपण सगळे पाहतो. यावर युक्त्या पुष्कळ करून झाल्या. कोर्सच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांकडून ‘मी कधी आणि कुठे बसून अभ्यास करणार’ हे लिहून घ्यायचे, असा एक स्वस्त आणि शहाणा उपाय होता. अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर त्याची मोठी तपासणी झाली आणि ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिले काही आठवडे फरक पडला. कोर्स संपेपर्यंत तो विरून गेला. माणसाने स्वतःला दिलेला शब्द एकट्याने पाळणे किती अवघड आहे, याचा इतका मोठा पुरावा दुसरा क्वचितच असेल.

सोबतीने तो कसा पाळला जातो, ते पाहायला पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत जा. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. एकेका खोलीत मुले दाटीने बसलेली, प्रत्येकाच्या कानात इयरफोन, प्रत्येकाच्या समोर फोनवर कुठल्यातरी सरांचे लेक्चर. ते लेक्चर परभणीतल्या किंवा साताऱ्यातल्या घरीही तसेच दिसले असते. शेतकरी आईबाप पैसे पाठवतात, मुलगा खुर्चीचे भाडे भरतो, मेसचे जेवण जेवतो आणि घरी फुकट दिसणारी गोष्ट इथे येऊन पाहतो. यात क्लासचा, शहराचा, जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा भाग आहेच. पण खुर्चीचे भाडे तो मुख्यतः शेजारच्या खुर्चीसाठी भरतो. शेजारचा आला की आपण येतो. आपण दोन दिवस दिसलो नाही तर चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारते, कुठे होतास? घरी राहून शिकणाऱ्या, विशेषतः लग्न झालेल्या मुलींना हा प्रश्न विचारणारे कुणी नसते. फोन घरात एकच असेल तर तो त्यांच्या हाती शेवटी येतो, आणि त्या वेळी अभ्यासाला बसणे हे घरच्यांना काम वाटत नाही.

ही गोष्ट शिक्षणातल्या जाणत्यांना फार आधीपासून माहीत होती. विद्यार्थी शिक्षण का सोडतात यावर व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये लिहिले, तेव्हा त्यांनी बुद्धी आणि तयारीबरोबरच आणखी एक कारण दिले. ज्याला संस्थेत आपण कुणाचे तरी आहोत असे वाटत नाही, तो निघून जातो. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ज्ञानगंगा घरोघरी, हे त्याचे ब्रीद. पण नुसती पुस्तके घरोघरी पाठवून ते थांबले नाही. गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रे उभी केली, संपर्क सत्रे ठेवली. रविवारी एसटीने तालुक्याला येऊन इतर विद्यार्थ्यांबरोबर बसणाऱ्या शेतकऱ्याला, अंगणवाडी सेविकेला, पोलीस शिपायाला तिथे पाठ्यपुस्तकाखेरीज काय मिळत असे, याची किंमत आपण कमी लावली. पुढे इंटरनेट आले तेव्हा केंद्र म्हणजे खर्च आणि सर्व्हर म्हणजे बचत, असा हिशेब होऊ लागला. तो हिशेब चुकीचा आहे, असे मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणतो. सर्व्हरमुळे व्याख्याने स्वस्त झाली, तर वाचलेला पैसा माणसांवर खर्च व्हायला हवा होता. एनपीटीईएलनेही कॉलेजांत स्थानिक केंद्रे आणि मार्गदर्शक नेमले, ते उगीच नाही.

१८५५ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकऱ्यांसाठी, मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर अंग मोडेपर्यंत राबलेला प्रौढ माणूस दिव्याच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवायला रोज येतो, याला त्याची गरज कारण होती, तशीच शिकवणाऱ्याची वाट पाहणारी नजरही असणार. आमच्या गुरुजींविषयी इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. हजेरीत सलग तीन रात्री रेघ पडली की ते त्या मुलाच्या चाळीत जात. रागवायला नव्हे. पाळी बदलली का, घरी काही झाले का, एवढे विचारायला.

मंच आणि ॲप चालवणाऱ्यांकडून मी चांगला मजकूर, प्रामाणिक जाहिरात आणि बारांपैकी चार हुकले तरी चालण्याची उदारता मागतो. हजेरीवरची रेघ पाहून दार ठोठावण्याचे काम त्यांच्याकडे मागून उपयोग नाही. ते गावाला करावे लागेल, आणि त्यासाठी नवी इमारत लागत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानावर वाढलेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. त्यांतली अनेक आज सायंकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपुरती उघडतात. तिथे एक लांब टेबल, प्लगचे चार पॉइंट, वाय-फाय आणि आठवड्यातला एक ठरलेला तास एवढे पुरे. कोणी ‘स्वयं’वर लेखाशास्त्र शिकत असेल, कोणी दूध संघातल्या कामासाठी स्प्रेडशीट, कोणी निवृत्तीनंतर हौसेने खगोलशास्त्र. विषय एक असण्याची गरज नाही. तासाच्या शेवटी प्रत्येकाने या आठवड्यात काय जमले आणि कुठे अडले, ते शेजाऱ्याला मराठीत सांगायचे. बायकांसाठी दुपारचा वेगळा तास ठेवायचा, आणि मुले सोबत आणायला पूर्ण मुभा. ग्रंथपालाकडे एक साधी वही असावी, त्यात नावे आणि फोन नंबर. गेल्या आठवड्यात कोण आले नाही ते पाहून त्याने फोन करायचा.

ग्रंथपालाचे मानधन आज इतके तुटपुंजे आहे की त्याच्याकडून हे जादा काम मागणे अन्याय होईल. म्हणून अनुदानाच्या निकषांत पुस्तकांची आणि वर्गणीदारांची संख्या मोजतात, तशी या तासाला परत परत येणाऱ्यांची संख्याही मोजावी आणि त्या कामाचे पैसे ग्रंथपालाला वेगळे मिळावेत. या सभागृहात ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर असलेली काही मंडळी बसली आहेत. त्यांच्याशी मला सभा संपल्यावर बोलायचे आहे.